लूपमधला माणूस आणि दुसरं कुलूप

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही सांगलीकडचे, वय २७, पुण्यात फवारणीच्या ड्रोनसाठी कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहिता. आता एका संरक्षण स्टार्टअपकडून जवळजवळ दुप्पट पगाराची ऑफर आली आहे. घिरट्या घालणाऱ्या आत्मघाती ड्रोनचा रेडिओ संपर्क जॅमिंगमुळे (शत्रूने रेडिओ लहरी मुद्दाम गोंधळवल्यामुळे) तुटला, तरी त्याने कॅमेऱ्यावरून लक्ष्य ओळखून शेवटचा टप्पा स्वतः गाठावा, यासाठीचं सॉफ्टवेअर तुम्हाला लिहायचं आहे. मुलाखतीत तुम्ही शंका काढली, तर "काळजी नको, आमच्याकडे मॅन इन द लूप आहे", म्हणजे हल्ल्याचा निर्णय माणसाच्या हातात आहे, असं उत्तर मिळालं. मित्र म्हणतो हे खुनी यंत्र आहे, वडील म्हणतात देशाचं काम आहे, आणि आईला तुम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही. हे काम घेणं नैतिकदृष्ट्या बरोबर आहे का, असं तुम्ही विचारता.

मी ३१ वर्षं फ्यूजवर काम केलं. तोफगोळ्याच्या टोकाला बसवलेला, गोळा कधी फुटायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी फुटायचा नाही हे ठरवणारा तो भाग. शेवटची काही वर्षं मार्गदर्शित अस्त्रांच्या सुरक्षा-समित्यांवर होतो. एआय हा माझा विषय नव्हे, न्यूरल नेटवर्क मी आयुष्यात एकही लिहिलेलं नाही. पण जीव घेणाऱ्या वस्तूला "आता" आणि "अजून नाही" यांतला फरक कसा शिकवायचा, याच कामात माझी सगळी नोकरी झाली. तुम्हाला मिळालेल्या उत्तरात मला जे खटकलं ते या कामामुळेच खटकलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याने माणूस मरेल असं कोणतंही काम करायचं नाही, अशी तुमची भूमिका असेल, तर पुढचं वाचूच नका. ती भूमिका पूर्णपणे आदरणीय आहे आणि माझ्या कोणत्याही युक्तिवादाने ती डळमळू देऊ नका. माझ्या बॅचमधला एक जण पहिल्या सहा महिन्यांत राजीनामा देऊन शिक्षक झाला. त्याला कमकुवत म्हणणारे आम्हीच होतो आणि आम्ही चुकलो होतो. मी स्वतः मात्र या देशाला शस्त्रं लागतात, आणि ती नीट बनवणारी माणसं लागतात, असं मानतो. तुम्ही माझ्या बाजूचे असाल तर तुमचा खरा प्रश्न "घ्यावं की नाही" हा राहत नाही. संपर्क तुटल्यानंतरच्या त्या शेवटच्या सेकंदांत निर्णय कोणाचा, त्या माणसाने आधी काय पाहिलेलं असेल, आणि "थांब" म्हणायची सोय कुठपर्यंत टिकते, हा तुमचा प्रश्न होतो. याचं उत्तर कंपनीने दिलेलं नाही. "मॅन इन द लूप" हे उत्तर नव्हे, ती फक्त एक पाटी आहे.

का, ते फ्यूजवरून सांगतो.

तोफगोळा कारखान्यात भरतात, ट्रकमध्ये चढवतात, खड्ड्यांतून नेतात, कधी हातातून पडतो. या सगळ्यात तो फुटता कामा नये. म्हणून फ्यूजमध्ये निदान दोन वेगवेगळी कुलपं असतात आणि ती उघडायला दोन वेगवेगळी कारणं लागतात. तोफेतून सुटताना गोळ्याला जो प्रचंड धक्का बसतो त्याने एक कुलूप उघडतं. नळीतल्या आट्यांमुळे गोळा गरगर फिरतो, त्या फिरण्याने दुसरं. गोळा ट्रकवरून पडला तर धक्का बसेल, पण तो मिनिटाला हजारो फेऱ्या फिरणार नाही. उतारावरून गडगडला तर थोडा फिरेल, पण तोफेचा धक्का बसणार नाही. दोन्ही गोष्टी ठरलेल्या क्रमाने फक्त खऱ्या फायरिंगमध्येच घडतात. जगभर मान्य असलेला निकष असा, की ही साखळी मुद्दाम सुरू होण्याआधी सुरक्षा-यंत्रणा निकामी होण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून जास्त नसावी.

या रचनेचा जीव कुलपांच्या संख्येत नसून ती एकमेकांपासून स्वतंत्र असण्यात आहे. एकाच कारणाने दोन्ही उघडत असतील तर ती दोन नव्हेतच, एकच कुलूप दोनदा मोजलंय. सुरक्षा-समितीत नव्या डिझाइनवर आमचा पहिला प्रश्न हाच असायचा, आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा हुशार डिझाइनर तिथेच अडकायचे. दोन स्प्रिंग, दोन पिना, दोन सर्किट दाखवायचे आणि तपासल्यावर दोन्ही एकाच बॅटरीवर निघायची.

आता तुमच्या ड्रोनकडे या. सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातलं चित्र बघतं, एका ठिपक्याभोवती लाल चौकट काढतं आणि लिहितं, "लष्करी वाहन, ९५ टक्के". दूर बसलेला ऑपरेटर तेच चित्र, तीच चौकट, तोच आकडा बघतो आणि बटण दाबतो. ही दोन कुलपं झाली का? माझ्या मते नाही. माणसाकडे यंत्राहून वेगळा पुरावा काहीच नाही. यंत्राला ज्या सावलीने फसवलं तीच सावली त्याच्या स्क्रीनवर आहे, वर यंत्राने ती लाल रंगाने अधोरेखित करून दिली आहे. हे एकच कुलूप आहे, फक्त त्याच्या किल्लीला माणसाचा हात लावलाय, म्हणजे उद्या चौकशी झालीच तर बोट कोणाकडे दाखवायचं हे आधीच ठरलेलं.

दुसरं कुलूप म्हणजे त्या माणसाकडे दुसऱ्या वाटेने आलेली माहिती. त्या भागात आपली तुकडी आहे का, गाव रिकामं झालंय का, तासाभरापूर्वी दुसऱ्या निरीक्षकाने काय पाहिलं, ते वाहन तिथे कुठून आलं. हे त्याला दिसत असेल, वाचायला वेळ असेल आणि "नाही" म्हटल्यावर त्याला कुणी जाब विचारणार नसेल, तरच तो लूपमध्ये आहे.

या ९५ टक्क्यांचंही बघू. समजा एका पट्ट्यात हजार वाहनं आहेत, त्यांतली २० लष्करी. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी ९५ टक्के बरोबर आहे. म्हणजे २० पैकी १९ ते पकडेल, उत्तम. पण उरलेल्या ९८० नागरी वाहनांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९, तेही लष्करी म्हणून दाखवेल. स्क्रीनवर ६८ लाल चौकटी येतील आणि त्यांतल्या ४९ मध्ये कुणीतरी घरी निघालेला असेल. सादरीकरणात "अचूकता ९५ टक्के" दाखवणाऱ्याने खोटं काहीच सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगलीकडचे, म्हणून हे तुम्हाला लगेच पटेल: उसाने वरपर्यंत भरलेली, पाचटाने झाकलेली ट्रॉली वरून, संध्याकाळच्या उन्हात, हलत्या कॅमेऱ्यातून कशी दिसते? जाळी आणि फांद्या टाकून लपवलेल्या गाडीपेक्षा फार वेगळी नाही. पंजाबात सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना ऊस होतो.

इथेच परिस्थितीचा भाग येतो आणि तो मान्य केलाच पाहिजे. हेच सॉफ्टवेअर लडाखच्या निर्मनुष्य उंचीवर, जिथे हिवाळ्यात फिरणारं प्रत्येक वाहन सैन्याचंच असतं, तिथे वापरलं तर वरचं गणित पार बदलतं. चुकीच्या चौकटी जवळजवळ उरत नाहीत. कोडची ओळ तीच, अस्त्र तेच, फक्त जागा बदलली आणि नैतिक उत्तर बदललं. म्हणून "हे अस्त्र नैतिक आहे का" याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. कुठे, कशावर, किती वेळासाठी सोडणार हे सांगा, मग बोलू. लक्ष्य काय हेही तितकंच महत्त्वाचं. रडारच्या लहरींवर जाणारं हार्पी हे इस्रायली आत्मघाती ड्रोन १९९० च्या दशकापासून आहे आणि भारताकडेही आहे. चालू रडार सहसा शाळेच्या छपरावर नसतं. युद्धनौकांवरच्या जवळच्या बचावाच्या तोफा येणाऱ्या क्षेपणास्त्रावर कित्येक दशकं स्वयंचलित मोडमध्ये गोळीबार करू शकतात. तिथे माणसाला मध्ये घातलं तर जहाजच बुडेल, आणि समुद्रावर आवाजाच्या वेगाने येणारी वस्तू मासेमारीची होडी असण्याची शक्यता नाही. माणूस शोधून माणसावर जाणारं यंत्र मात्र माझ्यासाठी वेगळ्या जातीचं आहे. हातात रायफल असलेला आणि हातात कुदळ असलेला, शरण येणारा आणि दबा धरून बसलेला, यांतला फरक चित्रात नसतो, प्रसंगात असतो. ते काम मी कधीच घेतलं नसतं. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही २०२१ मध्ये हीच रेष आखली: माणसांना लक्ष्य करणारी आणि परिणाम सांगता न येणारी स्वायत्त अस्त्रं बंद करा, बाकीच्यांवर वेळ, जागा आणि लक्ष्यप्रकार यांची बंधनं घाला. मुलाखतीत हा प्रश्न आडवळणाने न विचारता थेट विचारा: ट्रेनिंगच्या डेटात "व्यक्ती" हा वर्ग आहे का, आणि असेल तर तो हल्ला टाळण्यासाठी आहे की हल्ला करण्यासाठी?

माणूस असला की सगळं सुरक्षित, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. बंदर अब्बासहून विमान उडाल्यापासून सुमारे सात मिनिटांचा खेळ होता. नौकेच्या एजिस या रडार-शस्त्र यंत्रणेत विमान वर चढत असल्याची बरोबर नोंद होत होती. तरी तणावातली माणसं एकमेकांना ते खाली झेपावतंय असं सांगत राहिली. तिथे यंत्र बरोबर होतं. २००३ मध्ये इराक युद्धात उलट झालं. २३ मार्चला अमेरिकेच्या पॅट्रिअट या हवाई बचावाच्या क्षेपणास्त्र यंत्रणेने परतणाऱ्या ब्रिटिश टॉर्नेडो विमानाला रडारवर जाणारं क्षेपणास्त्र ठरवलं, ऑपरेटरनी विश्वास ठेवला आणि विमानातले दोघेही गेले. दहाच दिवसांनी तशाच पद्धतीने अमेरिकन नौदलाचं एक विमान पडलं. दोन्ही वेळा लूपमध्ये माणूस होता.

आपल्याकडचा प्रसंग तर अजून ताजा आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनगरजवळ बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या: हेलिकॉप्टरवरची मित्र-शत्रू ओळख देणारी यंत्रणा बंद होती, आणि जमिनीवरच्यांचा व हेलिकॉप्टरचा ताळमेळ तुटलेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. मी ती बातमी वाचली तेव्हा डोळ्यांसमोर फ्यूजच आला. दोन कुलपं होती, दोन्ही एकाच दिवशी, एकाच गोंधळात उघडी राहिली.

या सगळ्यातून मी एवढंच घेतो, की "माणूस विरुद्ध यंत्र" हा वादच चुकीच्या जागी चाललाय. थकलेला, घाबरलेला माणूस एकटा नको आणि आत्मविश्वासाने चुकणारं यंत्रही एकटं नको. दोघांनी एकमेकांची चूक पकडावी असं वाटत असेल, तर दोघांना वेगवेगळं दिसलं पाहिजे.

मी एका सिम्युलेटर-चाचणीत तीन दिवस मागे उभा राहून ऑपरेटर पाहिले आहेत. पहिल्या तासात ते प्रत्येक खूण तपासायचे, झूम करायचे, शेजाऱ्याला विचारायचे. दुपारनंतर यंत्राने चौकट काढली की बोट आपोआप बटणावर जायचं. ती मुलं आळशी नव्हती. यंत्र शंभरदा बरोबर ठरल्यावर एकशेएकाव्यांदा त्यावर संशय घेणं माणसाच्या मेंदूला जमत नाही. आम्ही सुचवलेला बदल साधा होता: चौकट आधी दाखवू नका. आधी ऑपरेटरला नुसतं चित्र द्या, त्याला काय वाटतं ते नोंदवू द्या, मग यंत्राचं मत दाखवा. वेळ थोडा वाढतो, म्हणून तो बदल सगळ्यांना आवडला नाही. पण बघा, हा बदल कुठल्याही जनरलच्या किंवा मंत्र्याच्या हातात नव्हता, स्क्रीन लिहिणाऱ्या इंजिनिअरच्या हातात होता. मुदत संपली आणि ऑपरेटरने काहीच दाबलं नाही तर काय समजायचं, "हो" की "नाही"? हे एका ओळीत ठरतं. ती ओळ तुम्ही लिहिणार आहात.

आता जॅमिंग. कंपनी तुम्हाला सांगेल, आणि त्यात तथ्य आहे, की युक्रेनच्या युद्धात रेडिओ संपर्क इतका जाम होतो की दूरून चालवलेला ड्रोन शेवटच्या काही शे मीटरमध्ये आंधळा होतो. म्हणून कुणी मागे काचतंतूची बारीक केबल सोडत जातं, कुणी शेवटचा टप्पा सॉफ्टवेअरकडे देतं. गरज खरी आहे. पण "शेवटचा टप्पा स्वायत्त" या एका शब्दसमूहात दोन अगदी वेगळी यंत्रं दडलेली आहेत. पहिल्यात माणसाने एक विशिष्ट वाहन निवडलं, ड्रोनचा नेम त्यावर पक्का केला, मग संपर्क गेला आणि ड्रोन त्याच वाहनाला धरून राहिला. निर्णय माणसाचाच, यंत्राने फक्त हात स्थिर ठेवला. दुसऱ्यात संपर्क गेल्यावर ड्रोन त्या भागात घिरट्या घालतो आणि यादीत बसणारं काहीतरी स्वतः शोधतो. पहिलं काम मी डोळे उघडे ठेवून घेईन. दुसऱ्यासाठी मी निर्मनुष्य जागेची आणि मिनिटांत मोजलेल्या मुदतीची अट घालीन, आणि ती अट कागदावर नाही, फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मागेन. माहितीपत्रकात दोन्हींना "ऑटोनॉमस" असंच म्हणतात. कधीकधी तर फक्त ऑटोपायलटवर उडण्यालाही. तुमच्या ऑफरमध्ये यांतलं कोणतं, हे तुम्ही लिहिलेल्या मजकुरावरून मला ठरवता येत नाही, आणि माझ्या उत्तराचा अर्धा भाग त्यावर अवलंबून आहे.

पहिल्या प्रकारातही एक मेख आहे. निवडलेल्या ट्रकशेजारी शेवटच्या दहा सेकंदांत रुग्णवाहिका येऊन थांबली तर? संपर्क आहे तोवर माणूस थांबवू शकतो. संपर्क नसेल तर थांबण्याची अक्कल यंत्रातच हवी: लक्ष्य हरवलं, चित्र बदललं, खात्री उंबरठ्याखाली गेली, तर सोडून दे. लहानपणी अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकताना मला वाटायचं त्याचा दोष ब्रह्मास्त्र सोडण्यात होता. पण सोडलं तर अर्जुनानेही होतं. ऋषींनी मध्ये पडून सांगितल्यावर अर्जुनाने ते परत घेतलं, अश्वत्थाम्याला परत घेणं येत नव्हतं, म्हणून त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवलं. अस्त्र शिकवणाऱ्याने कोणाला काय शिकवलं नाही, याची किंमत न जन्मलेल्या मुलाने मोजली. नागपुरात बनलेल्या नागास्त्र-१ या आत्मघाती ड्रोनची पहिली १२० नगांची तुकडी २०२४ च्या जूनमध्ये लष्कराला मिळाली, तेव्हा मला सगळ्यात समाधान कशाचं वाटलं असेल तर त्याच्या पॅराशूटचं. लक्ष्य मिळालं नाही किंवा मोहीम रद्द झाली तर ते परत आणून उतरवता येतं. पल्ला आणि स्फोटकं यांवर सगळे बोलतात. परत बोलावता येणं ही माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट आहे.

परत न आलेल्यांचं काय, हे मी थोडं सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात ते कुठेच नव्हतं.

न फुटलेल्या गोळ्याला तोफखान्यात ब्लाइंड म्हणतात. चाचणीत किती ब्लाइंड गेले यावर फ्यूजची बॅच पास की नापास ठरते. नोकरीच्या नवव्या वर्षी एका चाचणीत आमचे ब्लाइंड मर्यादेच्या किंचित वर गेले. पाऊस होऊन गेला होता, काही गोळे चिखलात रुतले होते. वरिष्ठ म्हणाले, चिखलातले मोजू नका, ती जमिनीची चूक आहे. तांत्रिकदृष्ट्या ते सर्वस्वी चूकही नव्हतं, मऊ जमिनीत टोकाच्या फ्यूजला पुरेसा आघात मिळत नाही. मी सही केली. दोन वर्षांनी एका फायरिंग रेंजच्या कडेच्या गावातला माणूस भंगारासाठी पितळ काढताना ब्लाइंड फुटून तीन बोटांना मुकला. त्याच्या मुलाचा एक डोळा गेला. पितळेला भाव असतो आणि रेंजच्या आसपासच्या गावांत हे भंगार गोळा करणं अनेकांचं पोट आहे. तो गोळा आमच्या बॅचचा होता की नाही, हे कधीच सिद्ध झालं नाही. माझ्यापुरता त्याने फरक पडला नाही. चिखलातले गोळे मी मोजायला हवे होते.

लक्ष्य न सापडलेला, बॅटरी संपलेला, किलोभर स्फोटक पोटात घेऊन कुणाच्या तरी शेतात पडलेला ड्रोन हा नव्या जमान्यातला ब्लाइंड आहे. त्यात मोटर आहे, तांब्याच्या तारा आहेत, कॅमेरा आहे. म्हणजे तोफगोळ्यापेक्षा तो उचलण्यासारखा जास्त. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर सैन्य जमवलं तेव्हा, पेरलेले सुरुंग काढताना आपले सैनिक गेले आणि सीमेवरच्या शेतकऱ्यांचे पाय गेले. पेरणाऱ्यांनी कायद्यानुसार नकाशे ठेवले होते तरी हे झालं. भरकटलेल्या ड्रोनचा तर नकाशाही नसतो. तेव्हा मुलाखतीत विचारा: बॅटरी मेल्यावर फ्यूज कायमचा निष्क्रिय होतो का, आणि ते कितीदा तपासलंय? चाचणीतले न फुटलेले ते कसे मोजतात, हेही विचारा.

कायद्याचं थोडक्यात. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या ३६व्या कलमानुसार प्रत्येक नव्या अस्त्राची कायदेशीर तपासणी सरकारने करायची असते. भारताने तो प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. स्वायत्त अस्त्रांवर जिनिव्हात सरकारी तज्ज्ञांचा गट २०१७ पासून बसतो आणि त्याचे पहिले अध्यक्ष भारताचे राजदूत अमनदीप सिंग गिल होते. २०१९ मध्ये सर्वसंमतीने ११ तत्त्वं मान्य झाली. त्यांतलं एक असं, की उत्तरदायित्व यंत्राकडे सोपवता येत नाही. आपल्याला ते मान्य आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला, तेव्हा विरोधातल्या चारांत आपण होतो. हा विषय जिनिव्हातच राहावा आणि बंधनकारक कराराची घाई नको, ही आपली भूमिका. मी ती समजू शकतो, दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये बसून बोलणं वेगळं असतं. तरी मला ती अपुरी वाटते. तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा, की नजीकच्या काळात बाहेरून कुणी येऊन तुमच्या सॉफ्टवेअरला बंधनकारक प्रश्न विचारील अशी आशा धरू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण क्षेत्रासाठी विश्वासार्ह एआयची मूल्यमापन चौकट जाहीर झाली आहे. कंपनीने ती वाचली आहे का, हे जरूर विचारा.

तुमचा मित्र म्हणतो बंदी हवी, आणि तुम्हाला वाटतं बंद्या टिकत नाहीत. टिकतात, कधीकधी. डोळे कायमचे आंधळे करणारी लेसर अस्त्रं रणांगणावर रुळण्याआधीच, १९९५ मध्ये बंद झाली. भारतही त्यात आहे. दूरची गोष्ट हवी असेल तर दमदमची घ्या. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी बनवली आणि वायव्य सरहद्दीवर वापरली. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत तिच्यावर बंदीचा प्रस्ताव आला, तर ब्रिटिश प्रतिनिधीचा युक्तिवाद असा होता, की सुसंस्कृत सैनिक साध्या गोळीने थांबतो, रानटी माणूस थांबत नाही, त्याच्यासाठी ही लागते. तरी बंदी झाली आणि १९०७ मध्ये ब्रिटननेही ती मान्य केली. तो "रानटी माणूस" म्हणजे आपल्या उपखंडातला माणूस होता. "समोरचा शत्रू वेगळा आहे, त्याला हे नियम लागू नाहीत" असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं, की मला दमदम आठवतं. तुम्हालाही आठवू दे.

तर ऑफरबद्दल. संपर्क तुटण्याआधी माणसाने लक्ष्य निवडलेलं असेल, त्याच्याकडे कॅमेऱ्याबाहेरची माहिती असेल, गप्प राहणं म्हणजे "नाही" असेल, सोडून देण्याची आणि निष्क्रिय होण्याची व्यवस्था यंत्रात असेल, तर काम घ्या. चांगल्या माणसांनी ते घ्यावं असं मला मनापासून वाटतं. यांतल्या एखाद्यावर "ते फेज टूमध्ये बघू" असं ऐकू आलं, तर रुजू होण्याआधी लेखी विचारा. आणि आणखी एक विचारा: आतापर्यंत इथे कुणी चाचणी थांबवली आहे का, आणि तो माणूस आज कुठे आहे? तो अजून तिथेच, त्याच खुर्चीत असेल, तर ती कंपनी मला आवडेल.

राहिली आई. तिला खरं सांगा. मी अकरा वर्षं माझ्या आईला "घड्याळाचे पार्ट बनवतो" असं सांगत होतो. टाइम फ्यूजमध्ये खरोखरच घड्याळासारखी चक्रं असतात, त्यामुळे मला ते खोटं वाटत नव्हतं. शेवटी सांगितलं ते त्या भंगारवाल्याच्या बातमीनंतर. ती शेणाने सारवत होती. हात न थांबवता तिने विचारलं, आपल्या पोरांच्या हातात फुटू नये म्हणून काय केलंस? मी दोन्ही कुलपं समजावून सांगितली. तिला ती नीट कळली, इतकी की पुढे तिने ती मावशीला सांगितली. मग तिने विचारलं, आणि जे फुटलं नाही ते कोण उचलतं? त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरची आठ वर्षं मी न फुटलेला गोळा ठरावीक वेळाने स्वतःहून नष्ट करणाऱ्या फ्यूजवर काम केलं.